कंत्राटी कामासाठी भाड्याचा गाळा: घेण्याआधी आणि घेतल्यावर

पहिली चार वर्षं माझं गोडाऊन म्हणजे आमच्या घराची गॅलरी. वायरची बंडलं वॉशिंग मशीनवर, केसिंग-पट्ट्या पडद्याच्या दांडीला बांधलेल्या, सीपी फिटिंगची (नळ-शॉवरची) खोकी पलंगाखाली. पाहुणे यायचे असले की आई आधी पलंगाची चादर जमिनीपर्यंत ओढून घ्यायची. एका दिवाळीत वडील फराळाचे डबे काढायला माळ्यावर चढले आणि ड्रिल मशीन घरंगळत त्यांच्या पायावर आलं. त्याच आठवड्यात मी गाळा बघायला निघालो. घाईत घेतला, चुकीचा घेतला, अकरा महिन्यांत सोडला. दुसरा जमला. पुण्यात सिंहगड रस्त्याच्या पट्ट्यात वायरिंग आणि प्लंबिंगची कामं घेतो, हाताखाली सात-आठ पोरं आहेत. पुढचं सगळं त्या दोन गाळ्यांवरून शिकलेलं. रंगकाम, पीओपी, फर्निचरवाल्यांनाही यातलं बरंचसं चालेल.

आधी दोन आठवडे लिहून काढा

गाळा परवडतो का, हे भाड्याच्या आकड्यावरून कळत नाही. पोरं दुकानात किती वेळा पळतात, त्यावरून कळतं. दोन आठवडे एक साधी वही ठेवा: कोण, कुठल्या साईटवरून, काय आणायला गेला, किती वेळात परत आला.

माझा हिशेब सांगतो. वायरमनची हजेरी १,००० रुपये, हेल्परची ६५०, दिवस आठ तासांचा. एक एल्बो (पाइपचा कोपरा) किंवा एमसीबी (आपोआप पडणारा स्विच) कमी पडला म्हणून वायरमन गाडी काढून गेला की दीड तास मोडतो. तेवढा वेळ हेल्पर भिंतीला टेकून मोबाईल बघतो. वायरमनचे साधारण १८८, हेल्परचे १२२, पेट्रोलचे ६० धरा. एक फेरी ३७० रुपयांना पडली. आमच्या सगळ्या साईट मिळून महिन्याला अशा बावीस फेऱ्या निघाल्या, म्हणजे ८,१४० रुपये. गाळ्याचं भाडं ८,०००. फेऱ्या निम्म्याने कमी झाल्या तरी नुसत्या या हिशेबात गाळा तोट्यातच. मला दुसरा गाळा परवडला, कारण साईटवरून चोरीला जाणारं तांबं थांबलं आणि उरलेला माल पुढच्या कामाला लागू लागला. तुमच्या वहीत महिन्याला सहा-सात फेऱ्याच निघाल्या, तर गाळा घेऊ नका. गाडीच्या डिकीत नीट लावलेली दोन खोकी पुरतील.

काय आणायचं नाही, हे ठरवा

नवीन माणूस गाळा घेतो आणि ‘आता जागा आहेच’ म्हणून सगळं तिथे उतरवून घेतो. मीही तेच केलं. सिमेंट, पुट्टी, टाइल अ‍ॅडेसिव्ह असला जड माल गाळ्यात आला की हमाली दोनदा पडते. एकदा उतरवायची, पुन्हा चढवायची. वर सिमेंट पडून राहिलं की हवेतली ओल धरतं. तीन महिन्यांवरची गोणी मी कामाला लावत नाही. पुट्टीची ४० किलोची गोणी कडेने दगड झाली की ती भंगारवालाही नेत नाही. जड माल दुकानदाराकडून थेट साईटवर, कामापुरता. एखाद-दुसरी गोणी ठेवायचीच असेल तर फळ्यांवर, जमिनीपासून वीतभर वर आणि भिंतीपासून हातभर लांब.

गाळ्यात असावं ते वारंवार लागणारं, चोरीला जाणारं आणि छोटं. माझ्याकडे दीडची, अडीचची आणि चारची (स्क्वेअर एमएम) वायर, मॉड्युलर प्लेटा, एमसीबी, सीपीव्हीसीचे (प्लास्टिक पाइपचे) एल्बो-टी-कपलिंग, खिळे-स्क्रू-फिशर, मशिनं, शिड्या आणि वर उभं राहून काम करायचे दोन घोडे एवढंच असतं. बाकीचं तपकीर गल्लीतल्या इलेक्ट्रिकलच्या दुकानांत आहेच. तिथल्या दुकानदाराने लाखाचा माल भरून ठेवलाय, तो आपण पुन्हा कशाला भरायचा? मुंबईच्या बाजूचे लोक लोहार चाळीबद्दल हेच सांगतील.

गाळा, सेल्फ स्टोरेज की कंटेनर

मोठ्या शहरांत आता सेल्फ स्टोरेजवाले आहेत. महिन्याच्या बोलीवर बंद खोली, सीसीटीव्ही, स्वच्छ जागा. ज्याला दोन-तीन महिन्यांच्या एकाच कामापुरती जागा हवी, त्याला हे बरं. पण सही करण्याआधी त्यांचे नियम वाचा. थिनर, गॅस सिलिंडर असलं काही चालत नाही. आत बसून पाइप कापायचा, बोर्ड जोडायचा तर बहुतेक ठिकाणी मनाई असते, आत प्लग पॉइंटही नसतो. आणि सगळ्यात महत्त्वाचं, सकाळी किती वाजता उघडतं? आपली पोरं साडेआठला निघतात. जागा दहाला उघडत असेल तर ती फुकट मिळाली तरी उपयोग नाही.

मोकळ्या प्लॉटवर जुना कंटेनर टाकून देणारेही भेटतात. वीस फुटी कंटेनर आतून जेमतेम ५.९ मीटर लांब असतो आणि जीआय (लोखंडी) पाइप ६ मीटरचा. तो तिरका बसतो, पण मग प्रत्येक वेळी त्याच्यावरून उडी मारून आत जायचं. त्यात एप्रिल-मे महिन्यात आत हात लावेल तिथे चटका. सिलिकॉनच्या ट्यूब आणि सॉल्व्हंट सिमेंटचे (प्लास्टिक पाइप चिकटवायच्या डिंकाचे) डबे तिथे ठेवून मी एकदा पस्तावलोय. झाकण उघडलं तर आत नुसतं जेली.

कायम काम असेल तर गाळाच बरा. स्वतःचं शटर, स्वतःचा मीटर, वेळेची कटकट नाही. नऱ्हे-धायरीकडे, वाघोलीकडे असे गाळे बरेच आहेत. जागा मात्र साईटच्या जवळ बघण्यापेक्षा पोरांच्या घराच्या वाटेवर बघा. साईट दर दोन महिन्यांनी बदलते, पोरांची घरं बदलत नाहीत.

जागा बघायला जाताना टेप घेऊन जा

किती मोठा गाळा हवा, हे अंदाजाने ठरवू नका. आमच्या बिल्डिंगच्या पार्किंगमध्ये मी खडूने दहा बाय बाराचा चौकोन आखला आणि सगळा माल त्यात मांडून बघितला. शेजारच्या काकांना वाटलं घरात वास्तुशांत आहे. दीड फूट खोल मांडण्या दोन्ही भिंतींना आणि मधे तीन फूट वाट, एवढं धरा. तीन मीटरच्या पाइप आणि केसिंगसाठी निदान सव्वातीन मीटर सरळ भिंत हवी. सुतारकाम करत असाल तर आठ बाय चारचं प्लाय दारातून आत घेऊन वळवता येतं का ते बघा. मालक ‘दोनशे फूट’ म्हणतो तेव्हा त्यात भिंती, कधी बाहेरचा ओटाही असतो. माझ्या पहिल्या गाळ्याचे दोनशे फूट टेप लावल्यावर एकशे अडुसष्ट भरले होते, आणि टेप मी करार झाल्यावर लावला.

छोटा हत्ती टेम्पो शटरपर्यंत येतो का? येऊन उभा राहिला तर शेजारच्या गाळ्याचं तोंड बंद होतं का? हे दोन प्रश्न भाड्याइतकेच महत्त्वाचे. पंधरा मीटर माल वाहायचा म्हटलं तरी रोजचा अर्धा तास गेला.

पाण्याचं बघा. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री आंबिल ओढ्याला आलेला पूर पुण्यात सगळ्यांना आठवतो. २५ जुलै २०२४ ला खडकवासला धरणातून पाणी सोडल्यावर सिंहगड रस्त्याच्या एकतानगरीत घराघरांत पाणी शिरलं. म्हणून बेसमेंटचा गाळा स्वस्त मिळाला तरी नको, ओढ्याच्या काठचा नको. भिंतीवर गुडघाभर उंचीला मळकट रेघ दिसते का, रंग नुसता खालच्या भागालाच नवा दिलाय का, हे बघा. मालकाला विचारण्यापेक्षा समोरच्या चहावाल्याला विचारा. शक्य असेल तर गाळा बघायला जोरदार पावसातच जा.

कागदपत्रं

‘अकरा महिन्यांचा करार आहे, रजिस्टर करायची गरज नाही’ हे वाक्य तुम्हाला ऐकायला मिळणारच. महाराष्ट्रात ते चालत नाही. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९, कलम ५५: करार लेखी हवा आणि नोंदवलेला हवा, मग तो अकरा महिन्यांचा असो की तीन वर्षांचा. नोंदवायची जबाबदारी कायद्याने मालकावर आहे. प्रत्यक्षात एजंट सगळं करतो आणि खर्च निम्मा-निम्मा होतो, ते ठीक. पहिल्या वेळी मी स्टॅम्प पेपरवर नोटरी करून भागवलं. सोडताना मालक म्हणाला, फरशी फुटली, रंग खराब झाला, आणि डिपॉझिट निम्मंच हातात आलं. भांडायला माझ्याकडे ना नोंदवलेला करार होता, ना गाळा घेतानाचा फोटो.

खर्च काही डोंगराएवढा नाही. लिव्ह अँड लायसन्सचं, म्हणजे अशा भाडेकराराचं, मुद्रांक शुल्क पाव टक्का आहे. ८,००० भाडं, २४ महिने, ५०,००० परतीचं डिपॉझिट असं धरू. भाड्याचे १,९२,०००, डिपॉझिटवर वर्षाला १० टक्के व्याज धरून दोन वर्षांचे १०,०००, मिळून २,०२,०००. त्याचा पाव टक्का म्हणजे ५०५ रुपये. नोंदणी फी शहरात १,०००, ग्रामीण भागात ५००. यावर एजंटचे काय ते.

करारात या गोष्टी स्पष्ट लिहून घ्या: वापर साठवणुकीचा आहे, आत कापाकापी-जोडणी चालेल का, वीजबिल कोणाच्या नावावर आणि कोणत्या दराने, दरवर्षी भाडं किती वाढणार, सोडायची नोटीस किती दिवसांची. मीटरचं रीडिंग पहिल्या दिवशी फोटो काढून मालकाला पाठवा. जमीन, भिंती, शटर, छत, सगळ्याचा व्हिडिओ त्याच दिवशी.

जीएसटी नोंदणी असेल तर दोन कामं आणखी. गाळ्याचा पत्ता पोर्टलवर ‘अतिरिक्त व्यवसायाचं ठिकाण’ म्हणून पंधरा दिवसांत टाकायचा. दुसरं, व्यावसायिक जागेच्या भाड्यावर १८ टक्के जीएसटी आहे, आणि मालकाची नोंदणी नसेल तर १० ऑक्टोबर २०२४ पासून तो कर आपण रिव्हर्स चार्जने भरायचा. ८,००० वर १,४४० रुपये. क्रेडिट मिळतं, पण आधी रोख भरावे लागतात, म्हणून महिन्याच्या हिशेबात ते धरा. कॉम्पोझिशनवाल्यांना (उलाढालीवर ठोक दराने कर भरणाऱ्यांना) जानेवारी २०२५ मध्ये यातून वगळलं. तुमचं कुठे बसतं ते सीएला एकदा विचारून घ्या.

लावणी

लोक मांडणीत फार पैसे घालतात. अँगलचे जुने रॅक भंगार बाजारात मिळतात, ते पुरतात. मात्र सगळ्यात खालचा कप्पा जमिनीपासून सहा इंच वर घ्या आणि रॅक भिंतीला बोल्ट मारून पक्का करा. जड खाली, हलकं वर, रोज लागणारं कमरेच्या उंचीला. पाइप उभे टेकवून ठेवले की उन्हाळ्यात कमानीसारखे वाकतात, ते आडवेच ठेवा. फिटिंगसाठी रंगाच्या वीस लिटरच्या रिकाम्या बादल्या उत्तम. प्रत्येक बादलीवर नाव लिहिण्याऐवजी आतला एक नग तारेने बाहेर बांधा. माझ्याकडच्या दोन पोरांना मराठी वाचता येत नाही, एकाला काहीच वाचता येत नाही. पाऊण इंची एल्बो मात्र तिघांनाही लांबून ओळखू येतो.

उंदीर वायरचं इन्सुलेशन कुरतडतात आणि ते कळतं थेट ग्राहकाच्या भिंतीत. शटरच्या खाली रबरी पट्टी लावा, पत्रा आणि भिंत यांच्या मधल्या फटी बुजवा, आणि पोरांना गाळ्यात डबा खाऊ देऊ नका. हा शेवटचा नियम पाळून घेणं सगळ्यात अवघड.

थिनर, सॉल्व्हंट सिमेंट, टॉर्चचे गॅस कॅन लागतील तेवढेच आणि दाराजवळच्या एका पत्र्याच्या पेटीत. आग विझवायचं नळकांडं दाराजवळ टांगा. आत कोपऱ्यात ठेवलं तर ते आणायला आगीतून जावं लागेल. ड्रिलच्या बॅटऱ्या रात्री गाळ्यात चार्जिंगला लावून शटर ओढायचं नाही. त्या पोरांच्या घरी जातात.

उरलेला माल

इथे जरा थांबतो, कारण माझा पहिला गाळा बुडाला तो इथे. गाळा नव्या मालाने भरत नाही, साईटवरून परत आलेल्या मालाने भरतो. काम संपतं, पोरं थकलेली असतात, जे उरलं ते एका गोणीत कोंबतात आणि शटरच्या आत फेकतात. आठ महिन्यांत माझ्याकडे अशा एकोणीस गोण्या झाल्या. आत काय आहे कोणालाच माहीत नाही, म्हणून प्रत्येक कामाला नवीनच माल यायचा. म्हणजे भाडं मी कचऱ्याचं भरत होतो.

आधी हा माल कोणाचा, ते ठरवा. नुसत्या मजुरीचं काम असेल आणि माल ग्राहकाने आणला असेल, तर उरलेला तुकडा न् तुकडा त्याचा. यादी करून त्याच्या हातात द्या. बहुतेक लोक ‘राहू द्या हो तुमच्याकडे’ म्हणतात, पण विचारल्यानंतर. मालासकट काम घेतलं असेल तर माल आपला.

मग नियम एकच: गोणी आत जात नाही. साईटवरून आलेला माल दारातल्या टेबलावर ओतायचा आणि जागच्या जागी लावूनच घरी जायचं. त्यासाठी मी काम संपण्याच्या दिवशी हेल्परला एक तास जास्तीचे पैसे देतो. सुरुवातीला हे जड वाटलं, पण एक न उघडलेली गोणी याच्या कितीतरी पट महाग पडते.

तुटक्या बंडलांचं एक गंमतीचं गणित सांगतो. उरलेली वायर मोजत बसायला कोणाला वेळ नसतो, म्हणून ‘असेल वीसेक मीटर’ म्हणून ती पडून राहते. ज्या कंपनीची वायर वापरता तिचं नवं ९० मीटरचं बंडल खोक्यातून काढून एकदा वजन करा आणि ग्रॅमला ९० ने भागा. एका मीटरचं वजन मिळालं. दीडची, अडीचची, चारची अशी तीन वजनं भिंतीवर मार्करने लिहून ठेवलीत. उरलेलं वेटोळं किराणा दुकानातल्यासारख्या इलेक्ट्रॉनिक काट्यावर ठेवायचं, भागाकार करायचा आणि टेपवर लिहायचं: ‘अडीच, लाल, ३४ मी.’ दहा सेकंदांचं काम. पाच मीटरच्या आतले तुकडे वेगळ्या बादलीत, ते बोर्डाच्या आतल्या जोडणीला जातात. मीटरभराच्या आतलं सगळं तांब्याच्या भंगारात, आणि त्या पैशांतून दसऱ्याला पोरांचं जेवण.

दर तिमाहीला एक शनिवार गाळा रिकामा करायचा. सहा महिन्यांत हात न लागलेली वस्तू विकायची किंवा द्यायची. ‘कधीतरी लागेल’ म्हणून ठेवलेल्या जुन्या ट्यूबलाइटच्या पट्ट्या मी तीन वर्षं सांभाळल्या होत्या.

चाव्या, नोंद, वाहतूक

चाव्या दोनच. एक माझ्याकडे, एक मुकादमाकडे. माल बाहेर गेला की दारावरच्या वहीत तारीख, साईट, वस्तू, नग आणि सही. ज्याला लिहिता येत नाही तो फोटो काढून ग्रुपवर टाकतो. मशिनांना नंबर रंगवलेत आणि मशीन ज्याच्या नावावर गेलं त्यानेच परत आणायचं. ‘मी त्याला दिलं होतं’ हे उत्तर चालत नाही.

गाळ्यातून साईटवर माल नेताना टेम्पोत डिलिव्हरी चलन हवं. मालाची किंमत राज्यातल्या राज्यात एक लाखाच्या वर गेली तर ई-वे बिल, म्हणजे माल नेण्याची ऑनलाइन नोंद. आमच्यासारख्यांचा माल एवढा होत नाही, पण पॅनेल किंवा पंप नेताना आकडा सहज ओलांडतो.

विम्याचं बहुतेक जण विसरतात. मालकाचा विमा असलाच तर इमारतीचा, आपल्या मालाचा नाही. छोट्या धंद्यासाठी ‘भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा’ नावाची प्रमाणित पॉलिसी १ एप्रिल २०२१ पासून जवळपास सगळ्या विमा कंपन्या देतात. आग, पूर, भूकंप त्यात येतं. घरफोडीचा विमा वेगळा घ्यावा लागतो आणि आपल्याला खरी भीती त्याचीच, तेव्हा एजंटला मुद्दाम विचारा. दावा करायचा तर मालाची यादी आणि बिलं लागतात. ती गाळ्यातच ठेवली असतील तर मालाबरोबर तीही जळतील.

सोडताना

नोटीस लेखी द्या, व्हॉट्सअ‍ॅपवर का होईना. शेवटच्या महिन्यात नवा माल भरू नका, आहे तो साईटवर जिरवा. भिंतीतले बोल्ट काढून भोकं पुट्टीने बुजवा. ते काम आपल्याच पोरांचं, पण मालक त्याचेच पैसे डिपॉझिटमधून कापतो. पहिल्या दिवशीच्या व्हिडिओशी ताडून पुन्हा एक व्हिडिओ काढा, मीटरचं रीडिंग घ्या, शेवटचं वीजबिल भरल्याची पावती मालकाला द्या. चावी डिपॉझिट हातात पडल्यावरच द्यायची, आणि दिल्याचं मालकाकडून लिहून घ्यायचं. जीएसटी पोर्टलवरून तो पत्ताही काढून टाका. मी विसरलो होतो. दीड वर्षाने जुन्या गाळ्यावर माझ्या नावाची नोटीस गेली आणि तिथल्या नव्या भाडेकरूने, तो बेकरीचा माल ठेवतो, ती खारीच्या पुड्यासोबत माझ्या घरी आणून दिली.